एक वीत नळी

बर्फ पडायच्या आत नळ्या बदलायच्या,
असं मी गेली सहा वर्षं म्हणतोय.
यंदा गाडीनेच विषय काढला:
काचेवर आतून गोडसर वाफ,
आणि इंगेगेर्डच्या पायाखालचं जाजम ओलं.
"मी काही सांडलेलं नाही," ती म्हणाली.

सहासष्टची व्होल्वो अमेझॉन,
रंग एके काळी गडद हिरवा.
झाकण मी दुसऱ्या दिवशी उघडलं,
इंजिन दगडासारखं गार झाल्यावर.
एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो;
माझ्या मनगटावर अजून तो डाग आहे.

खालची तोटी सोडली.
आधी हिरवं आलं, मग तपकिरी,
मग कॉफीच्या तळासारखं काहीतरी.
बादलीवर फळी टाकली, फळीवर वीट.
शेजारच्या मांजराला गोडी कळते, विष कळत नाही.

वरची नळी सुरीने उभी चिरली.
ओढायची नाही, चिरायची.
ओढाताणीत रेडिएटरचं तोंडच हातात येतं,
हे मला ऊस्टेनने शिकवलं, स्वतःचा रेडिएटर फोडून.
आतून रबराला भेगा,
उन्हाळ्यात नदीकाठच्या चिखलाला पडतात तशा.
बाहेरून मात्र काळंभोर, चकचकीत,
ल्युक्सेलेतल्या बऱ्याच जणांसारखं. माझ्यासारखंही.
बाकावर ठेवली तरी तिचं वळण सुटेना.
सुंभ जळतो, पीळ राहतो म्हणतात.
इथे तर आगही नव्हती,
नुसतं कोमट ते कढत, कढत ते कोमट,
इतकी वर्षं.

मग खालची. मग हीटरच्या दोन.
व्हॉल्व्हमधून निघणारी तांब्याची बारीक नळी,
उंदराच्या शेपटीएवढी;
ती मोडली तर महिन्याचं पेन्शन गेलं.
जीभ दातांत धरून हात आत घातला,
आणि बोटांना काहीतरी परकं लागलं.

मागची नळी मधेच दुसरीच होती.
एक वीतभर तुकडा,
कुणी बघत नाही त्या बाजूला,
दोन्ही टोकांना पट्ट्या, स्क्रू खाली वळवलेले.
दिवा जवळ नेला.
रबरावर पुसट अक्षरं:
दूध काढायच्या यंत्राची कंपनी.

चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय,
या गाडीने मला कधी रस्त्यात सोडलं नाही.
मला नाही. बरोबर.

तुकडा घेऊन स्वयंपाकघरात गेलो.
ती बटाटे सोलत होती. चष्म्यावरून बघितलं.
"अजून आहे?"
मग, सोलता सोलता,
"तू जंगलात ओंडके ओढत होतास.
बाहेर उणे एकतीस. गुनबोर्गला कळा सुटलेल्या,
दवाखाना ऊमेओला.
गोठ्यात होतं ते कापलं."
"सांगितलं का नाहीस?"
"तू विचारलं नाहीस. पाठीबद्दल विचारलंस."

पाठ.
यंत्राची नळी एक वीत तोकडी,
आणि ती मायरूसच्या पोटाखाली वीतभर जास्त वाकून,
सकाळ-संध्याकाळ, एप्रिलपर्यंत.
मी तिला कापराचं मलम आणून दिलं होतं.
मोठी बाटली.
चांगलं आठवतंय, कारण पुढे कित्येक वर्षं
मी तिला त्या बाटलीची आठवण करून देत होतो.

नव्या नळ्या साबणाच्या पाण्यात बुडवून बसवल्या.
हीटर पूर्ण उघडा ठेवून इंजिन चालू केलं,
वरची नळी मुठीत दाबत राहिलो,
अडकलेली हवा बुडबुडत वर येईपर्यंत.
ती न बोलावता कोट घालून आली,
शेजारच्या सीटवर बसली, बूट काढले,
लोकरी मोजे झोताखाली धरले.
बराच वेळ काही बोलली नाही.

"गरम आहे," म्हणाली,
"पण मागची पट्टी अजून पाव फेरा आवळ."

मी उतरून बघितलं.
थेंब होता.